बाई काय म्हणाल्या

ही हकिकत मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. सांगायची वेळ आली की विषय बदलायचो. बायको होती तोवर तिच्यापासून लपवली. ती गेल्यावर घरात लपवण्यासारखं कुणी उरलं नाही, तरीही तोंड उघडलं नाही. आमच्या बागेतल्या कट्ट्यावर सगळे आपापल्या मुलांचं सांगत असतात, तेव्हा मीही सांगतो की माझी मुलगी हडपसरला एका मोठ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. लोक म्हणतात, तुम्ही वेळेवर योग्य निर्णय घेतलात. मी मान डोलावतो. निर्णय मी घेतला, हे खरं. तो कसा घेतला हे आता लिहायला बसलो आहे, कारण ऐंशी जवळ आली आणि टाळण्यासाठी फार वर्षं शिल्लक नाहीत.

मी मूळचा वऱ्हाडातला. डिप्लोमा करून पुण्यात आलो आणि भोसरीच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसला लागलो. सव्वीस वर्षं बोर्डापुढे उभं राहून यंत्रांच्या भागांची ड्रॉइंगं काढली. नव्वदनंतर परदेशी माल आला, मग परदेशी कंपन्या आल्या, आणि आमच्या मालकांनी त्यांतल्या एकीशी भागीदारी केली. एका सोमवारी ऑफिसात चार संगणक आले. शनिवारपर्यंत आमचे बोर्ड आवारात भिंतीला टेकवून ठेवले होते, भंगारवाल्यासाठी. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून स्वेच्छानिवृत्तीचा कागद पुढे सरकवला. त्यातली इच्छा कुणाची, ते मी विचारलं नाही. मी संगणक शिकतो, एवढंच म्हणालो. "पन्नाशीला आलात की हो," साहेब म्हणाले आणि हसले. ते हसणं कुत्सित नव्हतं, म्हणूनच ते जास्त लागलं.

हे मी घरी महिनाभर सांगितलं नाही. रोज डबा घेऊन निघायचो. त्याच महिन्यात मुलीचा बारावीचा निकाल लागला.

निकाल उत्तम होता. पण तिच्याबद्दल दोन गोष्टी आधी सांगायला हव्यात. आठव्या वर्षापासून ती एका बाईंकडे गाणं शिकत होती. बाईंचं घर आमच्या कर्वेनगरपासून सायकलवर पंधरा मिनिटांवर. आम्ही तिला गाण्याला घातलं ते शेजारच्यांची मुलगी जात होती म्हणून. शेजारच्यांची मुलगी वर्षभरात कंटाळली, आमची दहा वर्षं गेली. दुसरी गोष्ट, बारावीची परीक्षा संपल्यावर ती एका कॉम्प्युटर क्लासला जायला लागली. तेव्हा पुण्यात गल्लोगल्ली तसले क्लास निघाले होते. जिथे पूर्वी पिठाची गिरणी होती तिथेही संगणक बसले होते. बाकीची मुलं तिथे नोकरीचं बघून यायची. हिने तिथल्या यंत्राला सारेगम म्हणायला लावलं.

तो प्रकार मी स्वतः पाहिला आहे. संगणकाच्या पोटातून बारीक शिट्टीसारखा आवाज यायचा. कुठला सूर किती कंपनांचा, ते आकडे टंकून द्यायचे. पुस्तकातले आकडे घातल्यावर गंधार तिच्या कानाला चढा वाटला. तिने सा दोनशे चाळीसवर धरला होता, गंधाराचा आकडा पुस्तकाप्रमाणे तीनशे दोन येत होता, तिने तो तीनशे केला आणि म्हणाली, "आता लागला." मला दोन्ही सारखेच ऐकू आले. तिने हे बाईंना सांगितलं तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, "म्हणजे त्या डब्याचा गंधार माझ्या निम्म्या शिष्यांपेक्षा बरा." बाईंकडून याहून मोठं कौतुक कुणी ऐकलेलं नव्हतं.

एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना गळा मधली वाट कशी चालतो, ते यंत्राला दाखवता येईल का, हे तिच्या डोक्यात होतं. त्यासाठी संगणक पक्का शिकायचा आणि गाणंही पक्कं शिकायचं, एकासाठी दुसरं सोडायचं नाही. आज याचे अभ्यासक्रम निघालेत म्हणे. तेव्हा अशी मुलगी म्हणजे दोन दगडांवर पाय ठेवणारी, असंच लोक समजत. मीही लोकांतलाच.

तिने वाट शोधली होती. शहरात एक जुनं कॉलेज होतं, तिथे संगणकशास्त्राची तीन वर्षांची पदवी. वर्ग सकाळी साडेसातला सुरू होऊन साडेबाराला सुटायचे. त्याच आवारात संगीताची दुपारची पदविका. दोन पदव्या एका वेळी चालत नाहीत, पण पदवी आणि पदविका चालते, हे ती स्वतः विद्यापीठाच्या खिडकीवर जाऊन विचारून आली होती. तिने आलेखाच्या कागदावर आठवड्याचं वेळापत्रक आखलं: सकाळ संगणकाची, दुपार पदविकेची, संध्याकाळ बाईंची. रविवारच्या रकान्यात "आईला मदत" असंही लिहिलं होतं, ते बहुधा लाच म्हणून.

माझ्या मनातलं कॉलेज वेगळं होतं. शहराबाहेर टेकडी फोडून बांधलेलं नवं इंजिनिअरिंग कॉलेज, तिथे चार वर्षांचं कॉम्प्युटर इंजिनिअरिंग. कॉलेजची बस सकाळी पावणेसातला निघून संध्याकाळी साडेसहाला परत आणायची आणि हजेरीची सक्ती होती. त्यात गाणं कुठे बसेल, असं तिने मला विचारलं. सुट्टीत, मी म्हणालो.

आठवडाभर घरात यावरून कुरबुर चालली. जुन्या कॉलेजची यादी सोमवारी लागली, तिचं नाव वरून चौथं. मूळ दाखला आणि गुणपत्रिका बुधवारी दुपारपर्यंत जमा करायची होती. दाखला एकच असतो. एकदा एका कॉलेजच्या कपाटात गेला की दुसरीकडचा विचार करायचा तर तो सोडवून आणावा लागायचा, म्हणजे अर्ज, सह्या आणि कारकुनाचं तोंड. इंजिनिअरिंगची निवड पुढे तीन आठवड्यांनी. सोमवारी मुलगी म्हणाली, "बाबा, उद्या बाईंनी तुम्हाला बोलावलंय. त्या म्हणतील तसं करू. त्या नको म्हणाल्या तर मी तुमच्या बसमध्ये बसते, एक शब्द बोलणार नाही." मी हो म्हणालो. बाई काय म्हणतील, याची मला थोडीफार कल्पना होती, आणि तिलाही असावी.

इथे बाईंची रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्या रीतीमुळेच घडलं. बाई शिष्याला तोंडावर कधी बरं म्हणत नसत. वाईटही फारसं म्हणत नसत. नुसतं "पुन्हा" म्हणायच्या. मूल बारावी झालं की त्याच्या पालकांना एकदा एकटं बोलवायच्या आणि आपलं मत एका वाक्यात सांगायच्या. वाक्यं दोनच होती. "छंद म्हणून ठेवा," किंवा "माझ्याकडे ठेवा." पहिलं वाक्य मिळालेल्यांनी समजून घ्यायचं आणि पुढे फक्त गुरुपौर्णिमेला यायचं. पालकांनी ते घरी सांगायचं. शिष्याने बाईंना त्याबद्दल विचारायचं नाही, कारण स्वतःची किंमत गुरूला विचारणं हा उद्धटपणा समजला जायचा. बाईही पुन्हा तो विषय काढत नसत. दुसरं वाक्य घेऊन घरी गेलेले फारच थोडे.

मंगळवारी बायको अकोल्याला होती, तिच्या भाचीच्या लग्नाला. मी एकटाच गेलो. बाईंनी बसा म्हटलं, पाणी दिलं. खोलीत तंबोरे गवसणीत उभे होते. त्या सरळ मुद्द्यावर आल्या.

"मार्कांचं मला काही कळत नाही, ते तुम्ही बघून घ्या. मी गळ्याचं सांगते. तिला माझ्याकडे ठेवा."

मग त्या त्यांच्या रीतीपेक्षा जास्त बोलल्या, हेही मला मान्य करायला हवं. इतक्या वर्षांत असे दोनच गळे आपल्याकडे आले, म्हणाल्या; पहिली लग्न होऊन दूर गेली आणि गाणं राहिलं, हिचं तसं होऊ नये. मुलीने ते जवळचं कॉलेज घेतलंय तेच बरोबर आहे, संगणक करू दे की, कुणी अडवलंय, पण संध्याकाळ माझी. फी यापुढे घेणार नाही.

मी म्हणालो, इंजिनिअरिंगला कॉम्प्युटर मिळतोय, तो सोडवत नाही.

"पुण्यात इंजिनिअर कमी पडलेत असं ऐकलं नव्हतं," बाई म्हणाल्या. "आणि आपल्या घरात आपण आहातच की एक."

त्यांना काही माहीत नव्हतं. मी इंजिनिअर नव्हतो, साधा डिप्लोमावाला होतो, हे माहीत नव्हतं. त्या सकाळीही मी कारखान्याला म्हणून निघून दुपारपर्यंत संभाजी बागेच्या बाकावर बसलो होतो, हेही नव्हतं. पुणेरी बोलण्यातला तो नेहमीचा टोमणा होता, ओरखडा काढावा पण रक्त येऊ नये असा. सव्वीस वर्षांत असे मी किती तरी झेलले होते. माझं "करून राहिलो" ऐकून दुकानदार हसायचे, तेव्हाही मी हसून घ्यायचो. त्या दिवशी हसता आलं नाही. नमस्कार करून उठलो.

स्कूटरवरून घरी येताना मी खोटं ठरवलं नव्हतं. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे, आणि आता ते सांगण्यात मला काही अर्थ वाटत नाही. मुलगी दारातच उभी होती. दाखला आणि गुणपत्रिका असलेली प्लास्टिकची फाइल तिने टेबलावर काढून ठेवली होती.

"काय म्हणाल्या?"

"छंद म्हणून ठेवा म्हणाल्या."

एवढंच. हे शब्द मला शोधावेही लागले नाहीत. बाईंनीच ते वर्षानुवर्षं तयार करून ठेवले होते. मी दुसरं काही म्हणालो असतो, आवाजाला मर्यादा आहेत वगैरे, तर तिने वाद घातला असता. हे वाक्य तिने आपल्याबरोबरच्या कितीतरी मुलींच्या तोंडून ऐकलं होतं. त्यांची समजूत तिनेच काढली होती. या वाक्यावर काही बोलायचं नसतं, हे ती जाणत होती.

ती म्हणाली, "नक्की?"

मी म्हणालो, "मी कशाला खोटं सांगू?"

तिने फाइल उचलून कपाटात ठेवली. जेवायला बसली आणि जेवलीही. बुधवारची दुपार आली आणि गेली. बायको अकोल्याहून परतली तेव्हा तिला हे कळलं, आणि तिने मला स्वयंपाकघरात बोलावून विचारलं, "अहो, बाई नेमकं काय म्हणाल्या?" मी तेच सांगितलं. चार दिवसांनी तिने पुन्हा तोच प्रश्न त्याच शब्दांत विचारला. मी चिडलो. त्यानंतर तिने कधीच विचारलं नाही. तिला संशय होता का, मला माहीत नाही. असला तर तो ती बरोबर घेऊन गेली.

मग गुरुपौर्णिमा आली. अजून वेळ गेली नव्हती. जुन्या कॉलेजच्या उरलेल्या जागांची यादी तेवढी बाकी होती. मुलगी नारळ आणि फुलं घेऊन एकटी गेली. दोघी समोरासमोर आल्या की माझं बिंग फुटणार, अशी माझी खात्री होती. खरं सांगतो, मला थोडं सुटल्यासारखंही वाटत होतं. ती तासाभरात परत आली. म्हणाली, "बाई नीट बोलल्या नाहीत. पाया पडले तर म्हणाल्या, आलीस का, बरं. अभ्यास कर."

काय झालं ते मला तिथल्या तिथे कळलं. बाईंनी दार उघडून दिलं होतं आणि पंधरा दिवस मुलगी फिरकली नव्हती. मुलीनेच इंजिनिअरिंग निवडलं, असं बाई समजल्या होत्या. आणि मुलगी समजत होती की बाईंनी आपल्याला सोडलं. दोघी एका खोलीत बसल्या, एकीने विचारलं नाही, दुसरीने सांगितलं नाही, कारण रीत तशी होती. मी ज्या रीतीवर विसंबलो होतो, ती रीत मला पुरून उरली. मुलीचे डोळे कोरडे होते. तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. मी वर्तमानपत्र वाचत राहिलो.

इंजिनिअरिंगची निवड एका मोठ्या हॉलमध्ये झाली. क्रमांक पुकारला की उठायचं, फळ्यावर कुठल्या कॉलेजात किती जागा उरल्या ते बघायचं आणि उभ्याउभ्या नाव सांगायचं. तिचा क्रमांक आला. तिने माझ्याकडे न बघता माझ्या कॉलेजचं नाव सांगितलं. टेबलामागच्या गृहस्थांनी अभिनंदन केलं, तिचं नाही, माझं.

पुढचं सगळं चांगलं झालं, हेच वाईट झालं. कॉलेज संपायच्या आत तिला नोकरी लागली. स्वेच्छानिवृत्तीचं घरी कळलं तेव्हा बायको म्हणाली, बरं झालं हिचं मार्गी लागतंय. आम्ही हिच्या पगारावर फ्लॅट बदलला. दोन वर्षं ती अमेरिकेत होती. लग्न झालं, मुलगी झाली. हडपसरला, एके काळी ज्वारीची शेतं होती तिथे, बाराव्या मजल्यावर घर झालं. कुणी म्हणेल, मग तक्रार कसली? मी सांगतो. ती कधी गुणगुणत नाही. मी इतक्या वर्षांत कान देऊन ऐकलं आहे. स्वयंपाक करताना, गाडी चालवताना, मुलीला निजवताना. निजवताना ती गोष्ट सांगायची. कुठे गाणं लागलेलं असलं तर ती ते बंद करत नाही, उठून दुसऱ्या खोलीत जाते.

बाई गेल्या तेव्हा ती अमेरिकेत होती. शोकसभेला मी गेलो, मागे बसलो. बाईंची एक जुनी शिष्या मला ओळखून जवळ आली. म्हणाली, "तुमच्या मुलीची आठवण बाई काढायच्या. म्हणायच्या, त्या पोरीने पाठ फिरवली, मला कारण कळलं नाही." मी म्हणालो, तिला वेळ झाला नाही. म्हणजे तिथेही मी दोष मुलीवरच टाकला, ज्या सभेत मला कुणी काही विचारलंही नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी नातीची कॉलेजची निवड आली. तिला दोन ठिकाणी मिळत होतं आणि ठरत नव्हतं. सगळे जेवायला बसलो होतो. मुलगी तिला म्हणाली, "ज्यात गती आहे ते घे. मला गाण्याचं वेड होतं, पण गती नव्हती. बाईंनी वेळेवर सांगितलं, आणि बाबांनी ते माझ्यापासून लपवलं नाही. दुसरे कुणी असते तर मुलीला वाईट वाटेल म्हणून गोड बोलले असते." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "त्याबद्दल तुम्हाला कधी थँक्यू म्हटलं नाही, बाबा."

माझ्या हातात घास होता. तो मी खाल्ला.

त्या दिवसापासून मी तिला सांगायचं म्हणतो आहे. आधी वाटायचं, सांगितलं तर ती मला तोडेल. आता वाटतं, तोडणार नाही, आणि त्याचीच भीती वाटते. ती पंचेचाळिशीत आहे. मी सांगितलं तर तिला बाई परत मिळणार नाहीत, ती बुधवारची दुपारही मिळणार नाही. तिला फक्त एवढं कळेल की आपला गळा खरा होता. ते कळून माणूस कुठे जातो? हा विचार मी तिच्या भल्याचा म्हणून करतो, आणि तिच्या भल्याचे विचार मी कसे करतो ते वर लिहिलं आहे.

हे छापून आलं तर कुणीतरी तिला दाखवेल, असंही मनात येतं. पण ते पुन्हा तिच्या पाठीमागे करणं झालं.

गेल्या महिन्यात मी तिच्याकडे गेलो. कर्वेनगरहून दोन बस बदलून, वाक्यं पाठ करत. ती घरूनच काम करत होती, कानाला यंत्र लावून इंग्रजीत कुणाला तरी काही समजावत होती. मला बघून तिने बसायची खूण केली. मी तिच्यासमोर बसून मनातल्या मनात पुन्हा म्हणून पाहिलं: बाई म्हणाल्या होत्या, तिला माझ्याकडे ठेवा. मी तुला उलट सांगितलं. त्यांनी तुला नाकारलं नव्हतं, नाकारलं ते मी, कारण त्या दिवसांत मला कुणीतरी नाकारलं होतं. मला माफ कर.

तिने कानाचं यंत्र काढलं आणि म्हणाली, "बोला बाबा."

"काही नाही," मी म्हणालो. "इकडून चाललो होतो."

कर्वेनगरचा म्हातारा हडपसरवरून सहज चाललेला नसतो, हे तिला कळत होतं. तिने यंत्र पुन्हा कानाला लावलं नाही, हातातच धरून ठेवलं. मी चप्पल शोधायला लागलो.